'अग्निशौच' वस्त्रापासून ज्वालारोधी कापडापर्यंत : वणवा विझविणाऱ्यांच्या वेशाचा इतिहास

वणवा विझविणाऱ्या माणसाच्या अंगावर कोणत्या कापडाचे कपडे असावेत, हा प्रश्न वरकरणी वस्त्रविद्येचा आणि रसायनशास्त्राचा आहे. परंतु गेल्या अडीच-तीन शतकांत त्याला मिळालेली उत्तरे क्रमाने तपासली म्हणजे असे दिसते की, अनेकदा कापडाच्या आधी एक शब्द निवडला गेला आणि त्या शब्दाने पुढील शोधाची दिशा बऱ्याच अंशी ठरविली. 'न जळणारे कापड' मिळविण्यासाठी जेवढी बुद्धी खर्च झाली, तिच्या मानाने ते कापड घालून राबणाऱ्या माणसाच्या शरीरात किती उष्णता कोंडते, हा साधा प्रश्न फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, नेटाने विचारला गेला. या विलंबाचा इतिहास येथे मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वनसेवेच्या आधारे मांडावयाचा आहे. कारण या विषयातील अपघात, प्रयोग आणि प्रमाणके यांची सलग नोंद तेथे मिळते.

आगीत घातले असता जळण्याऐवजी स्वच्छ होऊन निघणारे वस्त्र, ही कल्पना फार जुनी आहे. देवीमाहात्म्यात अग्नीने शुंभाला दिलेल्या वस्त्रांच्या जोडीस 'अग्निशौच' असे विशेषण लावलेले आढळते. (शुंभाला त्या वस्त्रांचा काही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.) इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने अशाच एका कापडाचे वर्णन केले आहे. मेजवानीतील मळलेले हातरुमाल चुलीत टाकून धुण्यापेक्षाही स्वच्छ करीत, आणि ज्या 'तागा'पासून हे कापड होते तो हिंदुस्थानातील पर्जन्यहीन, सर्पांनी भरलेल्या वाळवंटात उगवतो, असे तो सांगतो. वस्तुतः ते वनस्पतिज नव्हते. ते अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू होते. मध्ययुगीन युरोपात या कापडाला सॅलॅमँडर नावाच्या, आगीत राहणाऱ्या काल्पनिक प्राण्याची लोकर मानीत. तेराव्या शतकात मार्को पोलोने ही समजूत खोडून काढली आणि तो पदार्थ जमिनीतून खणून काढतात असे स्पष्ट सांगितले.

या पदार्थाची दोन ग्रीक नावे भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहेत. 'अ‍ॅस्बेस्टॉस' याचा मूळ अर्थ 'न विझणारे' असा आहे. म्हणजे न जळणाऱ्या वस्तूला जवळजवळ उलट अर्थाचे नाव चिकटले. दुसरे नाव 'अमियांटॉस', म्हणजे 'निर्मळ', 'न मळणारे'. फ्रेंच भाषेत या खनिजाला आजही याच दुसऱ्या शब्दापासून आलेले नाव आहे. 'अमियांटॉस' आणि 'अग्निशौच' या दोन्ही शब्दांत भर आहे तो वस्त्राच्या शुद्धीवर. ते पांघरणाऱ्या देहाचे काय होते, याविषयी दोन्ही शब्द मौन पाळतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड आगीत टिकत असे. पण ते जड होते, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसांत जाऊन कर्करोग उत्पन्न करतात, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. डोंगर चढत, कुऱ्हाड चालवीत दिवस काढणाऱ्या माणसाला तर असा पोशाख सुरुवातीपासूनच निरुपयोगी होता.

सामान्य कापडावर संस्कार करून त्याची ज्वलनशीलता कमी करण्याचे प्रयत्न रंगभूमीच्या गरजेतून सुरू झाले. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे यांच्या सान्निध्यात लोंबणारे रंगविलेले पडदे हा नाट्यगृहांतील मोठा धोका होता. इटालियन वास्तुकार निकोला सब्बात्तिनी याने १६३८ मध्ये पडद्यांच्या रंगात चिकणमाती आणि जिप्सम मिसळण्याची सूचना केली. १७३५ मध्ये ओबाडाया वाइल्ड या इंग्रजाने कापड व कागद यांच्यासाठी एका मिश्रणाचे एकस्व मिळविले. त्यातील द्रव्ये तुरटी, टाकणखार आणि हिराकस ही होती. ही तिन्ही नावे मराठी वाचकाला काष्ठौषधीच्या दुकानापासून परिचित आहेत, आणि या शास्त्राचा आरंभ किती घरगुती द्रव्यांनी झाला हे त्यांवरून कळते. १८२१ मध्ये फ्रान्सच्या अठराव्या लुईच्या आज्ञेवरून गे-ल्यूसाक या रसायनज्ञाने नाट्यगृहांतील कापडांचा पद्धतशीर अभ्यास केला. जे क्षार उष्णतेने वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात किंवा जे विघटन पावून न जळणारे वायू सोडतात, ते प्रभावी ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तत्त्वतः तो आजही टिकून आहे.

परंतु पडदा कोणी अंगात घालीत नाही, आणि सहसा धूतही नाही. संस्कारित कापड माणसाच्या अंगावर आले तेव्हा या दोन गोष्टींनी सगळे गणित बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेरदार मलमली झगे पेटून युरोपात अनेक स्त्रिया मरण पावल्या. १८५९ मध्ये व्हर्समान आणि ओपेनहाइम यांनी या झग्यांसाठी निरनिराळे क्षार तपासले. सोडियम टंग्स्टेट त्यांनी पुरस्कृत केला, याचे एक कारण असे की, तो लावलेल्या कापडावरून गरम इस्तरी नीट फिरे. इस्तरीसारखी क्षुल्लक वाटणारी बाब येथे प्रथमच रसायनाची निवड ठरविते. पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, गरीब घरांतील मुलांच्या अंगावरचे फ्लॅनेलेट हे स्वस्त, केसाळ सुती कापड अशाच दुर्घटनांस कारण झाले. मँचेस्टर येथील प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन (कृत्रिम जांभळ्या रंगाचा शोध लावणाऱ्या पर्किनचा पुत्र) याने त्यावर कथिलाच्या संयुगांची प्रक्रिया बसविली आणि १९१२ मध्ये ती विद्वत्सभेपुढे मांडली. पर्किनचे महत्त्व त्याच्या कथिलापेक्षा त्याने घातलेल्या अटींत अधिक आहे. कापडाचा स्पर्श आणि टिकाऊपणा बिघडता कामा नये; कातडीला अपाय होता कामा नये; साबणाच्या वारंवार धुण्याने गुण जाता कामा नये; आणि किंमत गरिबाला परवडली पाहिजे. ज्वालारोधी कापडाच्या आजच्या कोणत्याही प्रमाणकात या अटींचे वंशज सापडतात.

इकडे जंगलात मात्र या सर्व विद्येचा मागमूस नव्हता. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या संस्थानांतील सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि वणवा विझविण्यासाठी जमविलेल्यांपैकी सत्तराहून अधिक माणसे मरण पावली. पाच वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या वनसेवेने खाणी, गावे आणि रेल्वेची ठाणी येथून मजूर गोळा केले होते. अंगावर जे असेल तेच त्यांचे युद्धवस्त्र. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की या वनाधिकाऱ्याने आपल्या सुमारे पंचेचाळीस माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले आणि तोंडाशी ओल्या घोंगड्या टांगल्या. त्या वाळून पेट घेऊ लागत तेव्हा तो हॅटमधून पाणी आणून शिंपडी. पाच माणसे दगावली, बाकीची वाचली. वणव्याच्या इतिहासात कापडाने केलेल्या संरक्षणाचा हा एक जुना, ठळक प्रसंग होय. तेथे काम केले ते पाण्याने आणि बहुधा लोकरीने, रसायनाने नव्हे.

लोकरीविषयी येथेच थोडे सांगितले पाहिजे. प्राणिज प्रथिनांच्या या तंतूत नत्र आणि गंधक असतात, हवेतील ओलावा तो भरपूर धरून ठेवतो, आणि सुमारे ५७० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत तो सहसा पेट घेत नाही. पेटला तरी वितळून ओघळत नाही. फुगीर कोळसा होऊन बहुधा आपोआप विझतो. धनगराची घोंगडी शेकोटीच्या ठिणग्यांना दाद देत नाही, हा आपल्याकडील अनुभव या गुणामुळेच आहे. तथापि उन्हाळ्यातील वणव्यात दिवसभर जाड लोकर अंगावर वागविणे कोणास शक्य नव्हते. त्यामुळे कापसाचाच वापर राहिला, आणि कापूस तर सर्वांत सहज पेटणाऱ्या तंतूंपैकी एक.

५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटानातील मॅन गल्च येथे हवाई छत्रीने उतरलेल्या दलातील आणि त्यांस येऊन मिळालेल्या वनरक्षकासह एकूण तेरा माणसे गवताच्या उतारावर आगीने गाठून मारली. दलप्रमुख वॅग डॉज याने स्वतःच पुढचे गवत पेटविले आणि त्या जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडून राहिला; आगीची लाट त्याच्यावरून गेली आणि तो जगला. त्याला वाचविले ते त्याच्याभोवतीचे जळण संपल्याने, कपड्याने नव्हे. आगीतून सुटण्याचा मार्ग आधी, वस्त्र नंतर, हा क्रम या प्रसंगाने दाखवून दिला होता. पुढे तो अनेकदा विसरला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वेगळ्या वाटांनी कापडात क्रांती झाली. पहिली वाट संस्काराची. न्यू ऑर्लिन्स येथील कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत विल्सन रीव्ह्ज आणि जॉन गथ्री यांनी १९५० च्या दशकात फॉस्फरसयुक्त संयुगांची अशी प्रक्रिया विकसित केली की, ते संयुग कापसाच्या तंतूच्या आतच न विरघळणारे बहुवारिक बनून राही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'प्रोबान' ही तत्सम प्रक्रिया व्यवहारात आली. हिचे कार्य समजण्यासाठी कापूस कसा जळतो हे पाहिले पाहिजे. जळतो तो प्रत्यक्ष धागा नव्हे. तापल्यावर सेल्युलोजचे रेणू तुटून जी ज्वालाग्राही वाफ निघते, ती पेटते. फॉस्फरस या विघटनाची वाट वळवितो. वाफेऐवजी पाणी आणि कोळसा अधिक निर्माण होतात, आणि ज्वालेला अन्न मिळत नाही. वाइल्डची तुरटी पहिल्याच धुण्यात वाहून जाई. हा गुण पन्नास-पन्नास धुण्यांनंतरही टिकू लागला. अट एवढीच की, धुताना क्लोरीनचे विरंजक वापरता कामा नये. ते त्या बहुवारिकाचा नाश करते.

दुसरी वाट स्वभावाची. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्फ्रेड स्वीनी याच्या संशोधनातून एक सुगंधी पॉलिअमाइड तंतू निघाला. नायलॉनचाच हा दूरचा भाऊ. परंतु रेणूच्या साखळीत बेंझिनची वलये असल्याने तो वितळत नाही, सुमारे ३७० अंशांपलीकडे केवळ कोळसतो. 'नोमेक्स' या नावाने तो १९६७ मध्ये बाजारात आला. ज्वालेत तो आकसतो आणि कधी फाटतो, म्हणून पुढे त्यात सुमारे पाच टक्के केव्हलार हा अधिक बळकट तंतू मिसळू लागले. आपल्या शास्त्रकारांची भाषा वापरावयाची तर, नोमेक्सचा ज्वालारोध हा स्वभाव आहे आणि प्रोबान-कापसाचा तो संस्कार आहे. व्यापारी जाहिरातींनी या भेदाचा पुष्कळ उपयोग करून घेतला. स्वभाव धुतला जात नाही, संस्कार पुसला जाऊ शकतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. नोमेक्स महाग आहे, उन्हाने फिका व दुबळा होतो, आणि कापसाएवढा ओलावा शोषीत नाही. ऑस्ट्रेलियातील वणवा-दलांत संस्कारित कापूसच मोठ्या प्रमाणावर वापरला जात आला आहे. दोन देशांतील अनुभवी माणसांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली, ही गोष्ट श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची घाई करणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

नोमेक्स बाजारात आला ती दोन वर्षे या विषयात विलक्षण गर्दीची होती. १ नोव्हेंबर १९६६ रोजी लॉस एंजेलिसजवळील लूप वणव्यात एका अरुंद घळीतून आग एका मिनिटाच्या आत वर चढली आणि एल कॅरिसो दलातील बारा जण मरण पावले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या कक्षात, शुद्ध प्राणवायूच्या वातावरणात, आग लागून तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर अवकाशसंस्थेने अधिक उष्णतासह तंतूंचा पाठपुरावा केला, आणि पॉलिबेंझिमिडॅझोल हा तंतू पुढे १९८३ मध्ये व्यापारी उत्पादनात आला. वनसेवेच्या माणसांच्या अंगावरचा पिवळा नोमेक्सचा सदरा आणि हिरवी विजार ही याच काळानंतरची.

१९६६ मध्येच फेनिमोर आणि मार्टिन यांनी पदार्थाची ज्वलनशीलता एका अंकात सांगण्याची रीत दिली. प्राणवायू आणि नत्र यांच्या मिश्रणात नमुना जळत राहण्यासाठी प्राणवायूचे किमान किती टक्के प्रमाण लागते, तो हा अंक. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के आहे. कापसाचा अंक सुमारे १८, लोकरीचा २५, नोमेक्सचा २८ ते ३०, पॉलिबेंझिमिडॅझोलचा ४१. अंक दिसावयास मोठा सोयीचा. पण नायलॉन आणि पॉलिएस्टर यांचा अंक २० ते २१ येतो, म्हणजे कापसाहून 'बरा'. प्रत्यक्षात हे दोन्ही तंतू सुमारे २५० ते २६० अंशांना वितळतात आणि तापलेला चिकट रस कातडीवर बसून खोल भाजतो. शिवाय या चाचणीत नमुना वरून पेटवितात आणि ज्योत मेणबत्तीसारखी खाली उतरते. अंगावरचे कपडे तर खालून वर पेटतात. एका अंकाने कापड निवडावयाचे ठरविले असते तर अंतर्वस्त्र नायलॉनचे निवडले गेले असते. आज सर्व जाणकार दले वितळणारी अंतर्वस्त्रे निषिद्ध मानतात आणि आत कापूस किंवा लोकर घालावयास सांगतात.

नावाने फसविण्याचा धोका आगीच्या क्षेत्रात किती खरा आहे, याचे विवेचन एका भाषाशास्त्रज्ञानेच केले होते. बेंजामिन ली व्होर्फ हा व्यवसायाने हार्टफर्ड येथील विमा कंपनीतील अग्निप्रतिबंधक अभियंता होता. १९३९ मध्ये लिहिलेल्या आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने आपल्या कामातील उदाहरणे दिली आहेत. 'रिकामी' म्हणविली जाणारी पेट्रोलची पिंपे वस्तुतः स्फोटक वाफेने भरलेली असत, पण 'रिकामी' या शब्दामुळे त्यांच्याजवळ लोक बेफिकीर वागत. दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. एका कारखान्यात ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांना चुनखडीपासून केलेले आवरण होते आणि त्याला 'कातलेली चुनखडी' म्हणत. 'खडी' म्हणजे दगड, आणि दगड जळत नाही, म्हणून ते आगीपासून झाकले नव्हते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या वाफेने ते बदलले होते, तापल्यावर त्यातून ज्वालाग्राही अ‍ॅसिटोन निघे, आणि ते पेटले. व्होर्फच्या व्यापक सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातील बराच भाग योग्यही आहे. परंतु विमा अभियंत्याची ही निरीक्षणे त्या टीकेने बाधित होत नाहीत.

कापडाच्या नावांतही असेच घडले. इंग्रजीत 'फायरप्रूफ' हा शब्द एकोणिसाव्या शतकात सर्रास रूढ होता; पर्किननेही आपल्या प्रक्रियेसाठी तोच वापरला. त्यातील 'प्रूफ' म्हणजे पूर्ण अभेद्यता. अग्निसंरक्षणाच्या संस्थांनी तो हळूहळू सोडून 'फ्लेम-रेझिस्टंट' हा विनम्र शब्द स्वीकारला. 'इनफ्लेमेबल' या शब्दातील आरंभीचे 'इन' लोक निषेधार्थी समजतात म्हणून 'फ्लेमेबल' हे रूप मुद्दाम रूढ करण्यात आले. अमेरिकेच्या १९५३ च्या कापडविषयक कायद्याच्या नावात तेच आहे. मराठीत आपण 'अग्निरोधक', 'अदाह्य', 'अग्निसह', 'ज्वालारोधी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. ते बरोबर नाही. 'अदाह्य' म्हणजे जे जळूच शकत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस अदाह्य आहे, नोमेक्स नाही. 'अग्निरोधक' हा शब्द भिंतीला शोभतो, सदऱ्याला नाही. कारण सदरा अग्नीला रोखीत नाही, आपण स्वतः ज्वाला चालू ठेवीत नाही एवढेच. त्या मर्यादित गुणाला 'ज्वालारोधी' हाच शब्द राखून ठेवणे इष्ट. ज्याला 'अग्निरोधक' सदरा दिला आहे, तो माणूस आगीच्या किती जवळ जाईल, याचा विचार परिभाषाकारांनी करावयास हवा.

अभेद्य कवचाची कल्पना दुसऱ्या एका साधनातही दिसते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि काचतंतू यांचा छोटा घडीचा तंबू वनसेवेने १९६० च्या दशकात तयार केला. १९७६ मध्ये कोलोरॅडोतील बॅटलमेंट क्रीक येथे तिघे मरण पावल्यावर १९७७ पासून तो जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो प्रारित उष्णता परतवितो. प्रत्यक्ष ज्वालेत मात्र फार काळ टिकत नाही. २००२ मध्ये त्याची सुधारलेली रचना आली. तरीही ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे एकोणीस जण अशा तंबूंसह मृत्युमुखी पडले.

या इतिहासाला खरे वळण दिले ते ऑस्ट्रेलियातील 'प्रोजेक्ट अ‍ॅक्वेरियस' या अभ्यासाने. १९८० च्या दशकात ग्रॅहॅम बड आणि सहकाऱ्यांनी निलगिरीच्या जंगलांत प्रत्यक्ष आगी लावून, हातांच्या अवजारांनी रेषा काढणाऱ्या माणसांची नाडी, घाम आणि शरीराचे तापमान मोजले. निबंध १९९७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता. माणसाच्या शरीरावरील उष्णतेच्या भारापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग त्याच्या स्वतःच्या श्रमातून येतो. आग आणि हवामान मिळून उरलेला एक-तृतीयांश. म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ न देणे हे कपड्याचे मुख्य काम नसून आतली उष्णता बाहेर जाऊ देणे हे आहे.

याचा हिशेब सोपा आहे. फावडे-कुऱ्हाडीचे काम करताना शरीर सुमारे ५०० वॉट उष्णता निर्माण करते असे धरले, तर तासाला १,८०० किलोज्यूल होतात. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. तेव्हा निव्वळ श्रमाची उष्णता घालविण्यास तासाला पाऊण लिटर घाम वाळला पाहिजे. नुसता निथळून चालत नाही. जाड किंवा दुहेरी कापड ज्वालेपासून काही सेकंद अधिक मिळवून देते, पण हे वाळणे आठ-दहा तास अडविते. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात वणव्याच्या कामावर जे मृत्यू झाले, त्यांपैकी आगीत सापडून झालेले सुमारे एक-पंचमांश होते, आणि हृदयविकाराने झालेले जवळजवळ तेवढेच. हृदयविकाराचे सर्व मृत्यू कपड्यांच्या माथी मारणे अर्थातच अयोग्य होईल. पण कोणत्या मृत्यूकडे पाहून कापड निवडले जात होते, हे या आकड्यांवरून उमजते.

प्रमाणकांत हा विचार अंकांच्या रूपाने उतरला. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने वणव्याच्या वेशासाठी स्वतंत्र प्रमाणक १९९३ मध्ये प्रथम काढले. ज्वाला काढून घेतल्यावर कापड दोन सेकंदांहून अधिक जळता कामा नये, कोळसलेला भाग १०० मिलिमीटरांहून लांब असू नये, वितळून थेंब पडू नयेत, या त्यातील अटी अपेक्षितच होत्या. पुढील आवृत्त्यांत भर पडली ती उष्णता बाहेर सोडण्याच्या क्षमतेची. कापडाने दर चौरस मीटरला किमान ४५० वॉट उष्णता जाऊ दिली पाहिजे. त्याच संस्थेच्या शहरी अग्निशामकांच्या प्रमाणकात हाच आकडा २०५ आहे. इमारतीत शिरणारा माणूस थोडा वेळ तीव्र आगीत असतो, म्हणून त्याला तीन थरांचा जाड डगला. डोंगरावरचा माणूस दिवसभर राबतो, म्हणून त्याला एकेरी, सैल, दर चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचा सदरा. सैलपणाही निवडीचाच भाग आहे. कापड आणि कातडी यांमधील हवेचा थर हा फुकट मिळणारा रोधक होय. या सदऱ्याची स्वच्छताही तेवढीच महत्त्वाची. मळका, काजळलेला पिवळा सदरा अमेरिकन दलांत अनुभवाची खूण म्हणून मिरविला जातो. पण करवतीचे तेल मुरलेले ज्वालारोधी कापड तेलामुळे पेटते, आणि अग्निशामकाचा व्यवसायच २०२२ मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केला आहे.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा संबंध दूरचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा अभयारण्यातील वणव्यात तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. जाळरेषा काढणे आणि हिरव्या फांद्यांनी आग झोडपणे, ही आपल्याकडील कामेही अंगमेहनतीचीच. येथे दोन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. पहिली, आपल्याकडे गणवेशासाठी सर्वत्र रुळलेले टेरिकॉट हे मिश्र कापड. पॉलिएस्टर एकटा असता वितळून ज्वालेपासून मागे सरतो. कापसाबरोबर असता कापसाचा कोळसा त्या वितळलेल्या रसाला वातीसारखा धरून ठेवतो, आणि मिश्रण दोहोंहून वाईट जळते.

दुसरी गोष्ट ४५० या आकड्याची. तो ज्या चाचणीत मिळतो, तिच्यात ३५ अंशांचा ओला पत्रा २५ अंश तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवतात. विदर्भात एप्रिलच्या दुपारी हवाच ४२ अंश असते. कातडीहून हवा अधिक तापलेली असल्याने कोरड्या मार्गाने उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते, आणि सगळा भार घामाच्या बाष्पीभवनावर पडतो. आर्द्रता २० टक्के धरली तर बाष्पदाबातील फरक प्रयोगशाळेतील सुमारे ३.६ किलोपास्कलच्या जागी ४.० येतो, म्हणजे पाणी प्यावयास मिळाले तर घाम तेथे चांगला वाळतो. उलट कोकणात आंबा-काजूच्या बागांकडे सरकणाऱ्या वणव्यावर, ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, तोच फरक १.९ पर्यंत उतरतो. एकच सदरा नागझिऱ्यात आणि रत्नागिरीत दोन निराळी कापडे ठरतो.